सोबतीने परदेशी

देशाटनाचे गुण आपण सर्वांनी लहानपणी पाठ केलेले असतात. परंतु आपल्याच घरातील मूल देशाटनास निघाले म्हणजे त्या पाठांतराचा काडीइतकाही उपयोग होत नाही, असा अनुभव आम्हांस नुकताच आला. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या, वय वर्षे १९, गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत दहा दिवस जपानला जाऊन आली. महाविद्यालयाचा अभ्यास सांभाळून ती तीन वर्षे जपानी भाषा शिकत आहे. त्या वर्गातील सोळा मुलेमुली आणि दोन शिक्षिका असा अठरा जणांचा तो मेळा होता. आमच्या घरातून परदेशी गेलेली माणसे नाहीत असे नव्हे. पण ती गेली ती शिक्षण पुरे झाल्यावर, नोकरीचा कागद हाती घेऊन आणि एकेकटी. विद्यार्थ्यांच्या मेळ्याबरोबर, केवळ पाहण्यासाठी व शिकण्यासाठी, समुद्रापलीकडे पाऊल टाकणारी हीच पहिली. त्या निमित्ताने आमच्या घरी जो विचारविनिमय झाला, स्पष्टच लिहावयाचे तर जे भांडण झाले, त्यातून आम्ही काय शिकलो ते या महिन्यात वाचकांपुढे ठेवीत आहोत. असे मेळे हल्ली पुष्कळ निघतात. त्यांत जाणाऱ्या मुलांनी कसे वागावे हे सांगण्यास सगळे पुढे असतात; मागे राहिलेल्या घराने कसे वागावे याचा विचार मात्र क्वचितच होतो.

तयारीला घर उत्साहाने लागले. एकत्र कुटुंबात प्रवासाला निघतो एक जण आणि सामान निघते सर्वांचे. आमच्या मातुःश्रींनी, वय वर्षे ८२, हापूस आंब्यांची एक पेटी तिच्याबरोबर द्यावयाची म्हणून बाजूस काढून ठेवली होती. ताजी फळे तपासणीच्या प्रमाणपत्रावाचून जपानात नेता येत नाहीत असे पुतणीने सांगितले, तेव्हा मातुःश्रींना तो आंब्याचा नव्हे, तर स्वतःचाच अपमान वाटला. औषधांच्या बटव्याचीही तीच गत झाली. आपल्याकडे सर्दीवर घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन नावाचे द्रव्य असते. त्याचे प्रमाण शेकडा १० हून अधिक असेल तर ते औषध जपानात नेण्यास बंदी आहे. काकूंनी प्रेमाने भरलेला बटवा म्हणून पुन्हा उपसावा लागला आणि डॉक्टरांस विचारून नव्याने भरावा लागला. अखेर आमच्या भावजयीने बेसनाच्या लाडवांचा एक डबा मुलीच्या हाती दिला आणि तयारी संपली असे आम्ही समजलो.

खरे वादळ उठले ते निघण्यापूर्वी पंधरा दिवस. शिक्षिकांनी पालकांस बोलावून तीन नियम सांगितले. पहिला नियम असा, की घरी फोन दिवसातून एकदाच, तेथील रात्री नऊ वाजता करावयाचा. जपानचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास असल्यामुळे ती आपली सायंकाळची साडेपाचची वेळ. काही अडचण आल्यास शिक्षिका स्वतः कळवतील. घरच्यांनी मध्येच फोन करू नये. दुसरा नियम असा, की चौथ्या दिवसापासून चार-चार जणांचे चमू करून मुले रोज अर्धा दिवस स्वतः आखलेल्या मार्गाने फिरतील. त्या वेळी शिक्षिका बरोबर असणार नाहीत. तिसरा नियम, प्रत्येकाने रोज रात्री एक पान रोजनिशी लिहावी.

तिसऱ्या नियमास कोणी हरकत घेतली नाही. पहिल्या दोहोंवरून मात्र घर दुभंगले. आमची भावजय म्हणाली, "सोबतीला शिक्षिका आहेत म्हणून तर आपण होकार दिला. त्यांनीच मुलांना मोकळे सोडून द्यायचे आणि आपण फोनही करायचा नाही, तर मग ती सोबत कसली?" आम्हांसही ते म्हणणे पटले. कुटुंबातील वडील या नात्याने आम्ही शिक्षिकांस एक कडक पत्र लिहिले. त्या पत्रातील भाषा आज आठवली म्हणजे आम्हांस संकोच वाटतो.

शिक्षिकांचे उत्तर सौम्य पण ठाम होते. त्यांनी लिहिले, की विद्यार्थ्यांनी मेळ्याने प्रवास करावयाचा ही चाल ज्या देशात सर्वांत मुरलेली आहे त्याच देशात आपण जात आहोत. तेथे तिला शूगाकू-र्योको, म्हणजे विद्यार्जनासाठी केलेला प्रवास, असे म्हणतात. १८८६ मध्ये टोकियोच्या नॉर्मल स्कूलचे, म्हणजे शिक्षक तयार करणाऱ्या शाळेचे, विद्यार्थी लांबच्या पदयात्रेस निघाले, तेव्हापासून या प्रथेचा आरंभ मानतात. आज तेथील बहुतेक मुले शाळेत असताना अशा एखाद्या प्रवासास जातातच. परंतु शंभर-दोनशे मुलांचा तो मेळा सर्व काळ एकत्र हिंडत नाही. चार-सहा जणांच्या तुकड्या करतात. गाडी कोणती, उतरावयाचे कोठे, परत किती वाजता यावयाचे, हे त्या तुकडीने आधी कागदावर मांडावयाचे आणि मग तसे वागावयाचे. शेवटी त्यांनी लिहिले होते, "मेळ्याचा उपयोग मूल पडले तर उचलण्यासाठी आहे, त्याला चालूच न देण्यासाठी नाही."

हे पत्र आम्ही घरात मोठ्याने वाचले. त्यावर थोडा वेळ कोणी बोलेना. मग मातुःश्री म्हणाल्या, "अरे, आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याला बोटीत बसल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. नवरा बरोबर नाही, आईबाप नाहीत. त्यांचं पत्र यायला आठवडेच्या आठवडे लागायचे. आपली मुलगी रोज साडेपाचला बोलणार आहे. जाऊ दे तिला." ज्या पिढीस आपण जुन्या विचारांची म्हणतो तिनेच हा निकाल दिला, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवितो.

मेळा रात्रीच्या विमानाने निघाला. पहिल्या तीन दिवसांत काय घडले ते आम्हांस पुढे पुतणीच्या रोजनिशीवरून, तिच्याच परवानगीने, समजले. टोकियोसारख्या महानगरात तीन दिवस काढून तिने जी तीन पाने लिहिली त्यांत टोकियो जवळजवळ नाही! कोण कोणाच्या शेजारी बसले, कोणाचे सामान उशिरा आले, खोलीत चिवडा कोणी संपविला आणि कोण कोणावर रुसले, एवढाच मजकूर आहे. छायाचित्रे पाहिली तर त्यांतही हीच सोळा तोंडे. मागे कोठेतरी एखाद्या देवळाचा कोपरा. माणूस घोळक्याने गेला म्हणजे आपला वाडा बरोबर घेऊन जातो आणि त्या वाड्याच्या खिडक्याही उघडीत नाही. हे केवळ मुलांचेच लक्षण आहे असे नाही. मोठ्या माणसांच्या सहली आम्ही पाहिल्या आहेत, आणि त्यांत स्वतःही गेलो आहोत.

चौथ्या दिवशी मेळा क्योटोस पोहोचला आणि तुकड्या पडल्या. त्या दिवसापासून रोजनिशीचा नूरच पालटला. रस्त्यावर कचऱ्याची टोपली सहसा आढळत नाही. आपला कचरा पिशवीत घालून आपण घरी न्यावयाचा. आगगाडीत फोनवर कोणी बोलत नाही. घरात शिरताना पायांतील जोडे बाहेर काढावयाचे, ही आपली रीत तेथेही आहे, आणि काढलेले जोडे तोंड दाराकडे करून नीट लावून ठेवावयाचे, ही आपल्याकडे नसलेली रीतही आहे. पाच येनच्या नाण्यास मध्ये भोक असते. त्या नाण्याच्या नावाचा उच्चार आणि ऋणानुबंध या अर्थाच्या शब्दाचा उच्चार सारखाच, गोएन, म्हणून देवळाच्या पेटीत लोक ते नाणे आवडीने टाकतात. अशा बारीकसारीक गोष्टींनी ती पाने भरलेली आहेत. मुलगी तीच आणि देशही तोच. भोवतालची बारा माणसे कमी झाली, एवढाच फरक.

पाचव्या दिवशी, आमच्या भावजयीस ज्याची भीती होती, तेच घडले. एका स्थानकावर चौघांपैकी दोघे गाडीत चढले आणि दारे मिटली. आमची पुतणी आणि तिचा एक वर्गबंधू फलाटावर राहिले. इंटरनेटसाठी प्रत्येक तुकडीत एक लहानसे यंत्र दिलेले होते. ते गाडीतून पुढे गेलेल्या मुलाच्या खिशात. हातातील दोन्ही फोन त्यामुळे निरुपयोगी झाले. मात्र शिक्षिकांनी निघण्यापूर्वी एक गोष्ट पुनःपुन्हा घोकून घेतली होती: मागे राहील त्याने जागा सोडावयाची नाही, पुढे गेला असेल त्याने पुढच्याच स्थानकावर उतरून मागे यावयाचे. पुतणी जागेवर उभी राहिली, पण नुसती उभी राहिली नाही. तिने फलाटावरील कर्मचाऱ्यास गाठले आणि तीन वर्षे वर्गात गिरवलेली भाषा पहिल्यांदा गरजेपोटी वापरली. वाक्य चुकले, क्रियापद भलतेच आले, तरी त्या गृहस्थास अर्थ कळला. त्याने पुढच्या स्थानकास फोन करून त्या दोघांस निरोप पोहोचविला. पंचवीस मिनिटांत चौघे पुन्हा एकत्र आले.

त्या सायंकाळी साडेपाचला फोन आला तेव्हा तिने प्रथम देवळांचे वर्णन केले, मग पावसाचे, आणि अगदी शेवटी, जाता जाता सांगावे तशी ही हकीकत सांगितली. आमची भावजय मटकन खाली बसली. आम्ही मात्र रात्री बराच वेळ विचार करीत होतो. तिचा फोन चालू असता आणि घरचा नियम आमच्या इच्छेप्रमाणे असता तर काय झाले असते? तिने पहिल्या मिनिटास आईला फोन केला असता. आईने बापाला, बापाने आम्हांस आणि आम्ही शिक्षिकांना. पंचवीस मिनिटे सात माणसांचा जीव टांगणीला लागला असता. चारही दिशांनी सूचनांचा भडिमार झाला असता. आणि तीन हातांवर उभ्या असलेल्या त्या कर्मचाऱ्याशी ती एक शब्दही बोलली नसती. आम्ही ज्याला काळजी म्हणतो ती तिच्या आणि जगाच्या मध्ये भिंतीसारखी उभी राहिली असती. शिक्षिकांस लिहिलेल्या त्या कडक पत्राबद्दल आम्ही दुसऱ्याच दिवशी दिलगिरी कळविली.

आणखी एक प्रसंग आमच्या वाचकांस विशेष जवळचा वाटेल. आमच्या घरी मत्स्याहार नाही. जपानी स्वयंपाकात दाशी नावाचे जे मूळ पाणी असते, ते बहुधा एका जातीच्या समुद्री शेवाळापासून आणि वाळवलेल्या बोनिटो माशाच्या कातळ्यांपासून काढतात. त्यामुळे ज्या सारात मासा दिसत नाही त्यातही तो असतो. पहिल्या दिवशी "भाज्यांचे सार" म्हणून पुतणी ते प्याली, आणि दोन दिवसांनी तिला खरे काय ते कळले. तिने ते लपविले नाही. फोनवर आजीलाच प्रथम सांगितले. मातुःश्री काही बोलल्या नाहीत. दोन दिवस त्यांनी तो विषयच काढला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, "मग आता काय खातेस?" तेव्हा पुतणीने सांगितले, की बौद्ध मठांतून शोजिन-र्योरी नावाचा संपूर्ण शाकाहारी स्वयंपाक असतो, त्यात दाशीही केवळ शेवाळ व वाळवलेल्या अळिंबी यांचीच करतात. तिने क्योटोत ते जेवण शोधून काढले होते, आणि इतर ठिकाणी काय विचारावयाचे ती वाक्ये वहीत लिहून ठेवली होती. मातुःश्रींनी मग त्या शेवाळाच्या दाशीची कृती सविस्तर विचारून घेतली. एके काळी आपल्या समाजात समुद्र ओलांडल्याबद्दल प्रायश्चित्त घ्यावे लागे. आमच्या घरी खरे सांगणे आणि पुढे सावध राहणे एवढ्यावर तो प्रश्न मिटला, आणि तो योग्य रीतीने मिटला असे आमचे मत आहे.

सातव्या दिवशी मेळा हिरोशिमास गेला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी त्या शहरावर अणुबाँब पडला, हे आपण सर्व जाणतो. परंतु त्या सकाळी शहरात हजारो शाळकरी मुले मेळ्याने कामास आलेली होती, हे पुष्कळांस ठाऊक नसते. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे काढण्याचे काम चालू होते, आणि त्यासाठी बारा-तेरा वर्षांच्या विद्यार्थ्यांस शाळांतून नेलेले होते. त्यांतील बहुसंख्य मुले परतली नाहीत. तेथील संग्रहालयात अशाच एका मुलाचा जेवणाचा डबा ठेवलेला आहे. आईने सकाळी भरून दिलेले अन्न आत तसेच आहे, जळून कोळसा झालेले. आई मुलास शोधीत आली तेव्हा त्याच्या देहापाशी तो डबा तिला सापडला.

त्या सायंकाळी साडेपाचला फोन आला नाही, पावणेसहाला आला. पुतणीने आईशी बोलावयाचे आहे एवढेच म्हटले. काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही. मात्र आमची भावजय फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि कितीतरी वेळ बाहेर आली नाही. ज्या आईने पंधरा दिवसांपूर्वी "सोबत कसली" असे विचारले होते, तिला आपल्या काळजीचे खरे स्वरूप त्या दिवशी कळले असावे. आपले मूल मेळ्याबरोबर गेले आहे, पाहावयास गेले आहे, आणि तीन दिवसांनी घरी येणार आहे; एवढी गोष्टही सर्व आयांच्या वाट्यास आलेली नाही.

प्रवासास निघताना मातुःश्रींनी नातीस एक प्रश्न दिला होता: "तिकडे शाळेतली मुलं स्वतः वर्ग झाडतात म्हणे. खरं का ते बघून ये." असा एखादा प्रश्न बरोबर असणे किती मोलाचे असते, याचे एक उदाहरण आपल्याच प्रांतात आहे. महर्षी कर्वे यांच्या वाचनात टोकियोच्या महिला विद्यापीठाविषयी एक पुस्तिका आली. तिने त्यांच्या मनातील विचारास आकार आला, आणि १९१६ मध्ये पुण्यास महिला विद्यापीठ उभे राहिले. पुढे सत्तरी गाठल्यावर ते स्वतः परदेशच्या प्रवासास निघाले, तेव्हा जपानही पाहून आले. ज्याच्या मनात प्रश्न असतो त्याला पुस्तिकाही पुरते. ज्याच्या मनात नसतो त्याला विमानाचे तिकीटही पुरत नाही.

पुतणीने उत्तर आणले. एका शाळेस भेट देण्याची व्यवस्था शिक्षिकांनी केली होती. तेथे ठरलेल्या वेळी सर्व मुले, मुलगे व मुली दोघेही, झाडू व फडकी घेऊन वर्ग, जिने आणि व्हरांडे साफ करीत होती, आणि शिक्षकही त्यांच्याबरोबर वाकलेले होते. हे सर्व सांगून झाल्यावर तिने सहज विचारले, "काका, आपल्या घरात झाडू फक्त बायकांच्याच हातात का असतो?" आम्ही मातुःश्रींकडे पाहिले, त्या हसत होत्या. आम्हांस उत्तर सुचले नाही.

ज्यांच्या घरून असे मूल निघणार असेल त्यांनी चार गोष्टी कराव्या, असे आम्ही अनुभवाने सांगतो. पासपोर्टची नक्कल व उतरण्याच्या जागेचा पत्ता, त्या देशाच्या लिपीत लिहिलेला, मुलाच्या खिशात कागदावर असावा. फोनवर विसंबू नये. प्रवासाचा विमा उतरविलेला असावा. मेळा चुकल्यास काय करावयाचे ते निघण्यापूर्वी पाठ करून घ्यावे. आणि घरी बोलण्याची एक वेळ ठरवावी व ती घराने पाळावी. यांतील पहिल्या तीन गोष्टी सोप्या आहेत. चौथी फार कठीण आहे; दहा दिवस साडेपाच वाजेपर्यंत घड्याळाकडे पाहात बसणे म्हणजे काय, ते आम्ही जाणतो.

असो. रविवारी सकाळी दिवाणखान्याचा केर काढणे हे काम हल्ली आमच्याकडे आले आहे. कोपऱ्यातील केर राहतो, अशी मातुःश्रींची तक्रार आहे, आणि ती खरी आहे.